व्हॉर्टेक्समध्ये बाहेरून प्राणी आणून सोडले तरी ग्राफ ढिम्म हलत नाही? आधी हे बघा

व्हॉर्टेक्स म्हणजे छोट्या पॉप्युलेशनचं पुढे काय होईल, ती नामशेष होईल का, याचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी त्याबद्दल हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक देऊन मोकळा.

प्रश्न असा असतो. छोटी, एकटी पडलेली पॉप्युलेशन, पंचवीस-तीस जनावरं. एक सिनॅरिओ काहीच न करण्याचा, दुसरा बाहेरून चार-पाच माद्या आणून सोडण्याचा. दोन्ही व्हॉर्टेक्समध्ये चालवले, शंभर वर्षं पुढे नेले, आणि दोन रेषा एकमेकींवर अशा बसल्यात की एकच काढलीय असं वाटावं. मग माणूस एकतर सॉफ्टवेअरला शिव्या घालतो, नाहीतर रिझल्ट खरा मानतो आणि रिपोर्टात लिहून मोकळा होतो की बाहेरून प्राणी आणण्यात फारसा अर्थ नाही. हे दुसरं जास्त वाईट.

आणि ते मी स्वतः केलंय. सुरुवातीच्या दिवसांत एका मीटिंगला असाच ग्राफ प्रोजेक्टरवर लावला होता. समोर बसलेल्या एका मोठ्या साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे तो पिंजरा, तो ट्रक, डॉक्टर, कॉलर, एवढा सगळा खटाटोप कशासाठी हो करायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन रात्री दोनपर्यंत इनपुटची एकेक टॅब उघडून बघत बसलो तेव्हा कळलं की सॉफ्टवेअरने काहीच चूक केली नव्हती, मी त्याला जी पॉप्युलेशन दिली होती ती आजारी नव्हतीच, मग औषधाने काय फरक पडणार.

तुमच्या सेटिंगमध्ये गडबड आहे की खरंच फरक पडत नाही हे ओळखायचं असेल तर आधी उत्तर माहीत असलेली केस चालवून बघा. मी नेहमी फ्लोरिडाचा पँथर घेतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते २०-३० उरले होते, शेपटीला टोकाशी पीळ, पाठीवर केसांचा भोवरा, नरांमध्ये वृषण खाली न उतरणं, काहींच्या हृदयाला भोक. १९९५ मध्ये टेक्सासमधून ८ माद्या आणून सोडल्या, त्यातल्या ५ जणींनाच पिल्लं झाली, पण तेवढ्यावर पुढच्या दहा-बारा वर्षांत संख्या जवळपास तिप्पट झाली आणि जनुकीय विविधता दुपटीवर गेली. तुमच्या मॉडेलमध्ये असल्या पॉप्युलेशनला आठ माद्या देऊनही काहीच होत नसेल तर दोष मॉडेलच्या मांडणीत आहे, माद्यांमध्ये नाही.

आता मूळ कारण. दहातल्या सात जणांचं हेच निघतं.

व्हॉर्टेक्स पहिल्या वर्षी जी जनावरं तयार करतं, ती सगळी एकमेकांशी नातं नसलेली आहेत असं धरतं. तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर प्रत्येकाला दोन अलील (जनुकाची रूपं) देतं, आणि तेही असे की दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. म्हणजे २५ जनावरं तर ५० वेगवेगळे अलील. इनब्रीडिंग (जवळच्या नात्यातलं प्रजनन) शून्य, जीन डायव्हर्सिटी (जनुकीय विविधता) जवळपास पूर्ण १. तुमच्या डोक्यात 'चाळीस वर्षं कोंडलेली, भावा-बहिणींत, बाप-लेकीत जोड्या लागलेली' अशी पॉप्युलेशन आहे, पण मॉडेलमध्ये पंचवीस वेगवेगळ्या गावांतून आणलेलं वऱ्हाड उतरलंय. अशा वऱ्हाडात बाहेरून आणखी पाच पाहुणे आले तर कुणाला कळणार?

हिशोब हाताने करून बघा, कागदावर दोन मिनिटांचं काम आहे. पिढीमागे विविधता एक भागिले दोन एनई एवढ्या हिश्शाने कमी होते, एनई म्हणजे इफेक्टिव्ह साइज. २५ जनावरांतली प्रत्यक्ष पुढे वंश नेणारी कमी असतात, म्हणून एनई १० धरू. मग दर पिढीला ५ टक्के. आठ पिढ्यांत ०.९५ चा आठवा घात, ०.६६, म्हणजे इनब्रीडिंग ०.३४ च्या आसपास. आठ पिढ्या म्हणजे मोठ्या मांजरांमध्ये साधारण चाळीस वर्षं. तुमची खरी पॉप्युलेशन आज ०.३४ वर उभी आहे, तर मॉडेल तिला शून्यावर उभी करतंय. मॉडेलला तिथवर पोचायला चाळीस वर्षं लागणार आणि तुम्ही सप्लिमेंट (बाहेरून आणलेले प्राणी) टाकलंय पहिल्या वर्षी.

याचा परिणाम किती मोठा? पहिल्या वर्षातलं पिल्लांचं जगणं ई चा उणे बी-एफ घात या हिशोबाने घटतं, एफ म्हणजे इनब्रीडिंगचा आकडा आणि बी म्हणजे लीथल इक्विव्हॅलंटच्या (इनब्रीडिंगने होणारं नुकसान मोजायचं माप) निम्मे. व्हॉर्टेक्सचा डिफॉल्ट ६.२९ ठेवला तर बी ३.१४५. मुळात १०० पैकी ६० पिल्लं वर्षभर तगत असतील तर एफ ०.०५ ला ५१ तगतील, ०.३४ ला वीसेक. (अर्धा भार घातक अप्रभावी जनुकांवर असतो आणि तो निवडीने थोडा धुऊन निघतो, त्यामुळे प्रत्यक्षात एवढं खाली जात नाही, पण अंदाज आला.) पहिल्या आकड्यावर पॉप्युलेशन आरामात चालते आणि दुसऱ्यावर कोसळते, एवढा फरक फक्त सुरुवात कुठून धरली यावर आहे.

बरं, ६.२९ हा आकडा आला कुठून हेही माहीत असू द्या, कारण व्हायव्हात हमखास विचारतात. २००६ मध्ये जंगली प्राण्यांवरच्या अभ्यासांची बेरीज करून एकूण १२ च्या वर लीथल इक्विव्हॅलंट निघाले होते, त्यातला जननक्षमता आणि पहिल्या वर्षाचं जगणं एवढाच भाग म्हणजे ६.२९. एक वर्षाच्या पुढे वयात येईपर्यंतचा भाग, साधारण ६, यात नाही. व्हॉर्टेक्स आपणहून इनब्रीडिंगचा मार फक्त पहिल्या वर्षाच्या मृत्युदरावर देतं. पुढच्या वयातला हवा असेल तर तिथे तुम्हाला फंक्शन लिहावं लागेल. काही जण अजून १९८८ मधला ३.१४ घेतात, तो प्राणिसंग्रहालयातल्या सस्तन प्राण्यांच्या ४० गटांचा मध्यक आहे, तिथे रोज वेळेवर मांस मिळतं आणि डॉक्टर असतो, जंगलासाठी तो फार सौम्य पडतो. आणि हसू नका, पण आधी इनब्रीडिंग डिप्रेशनची, म्हणजे इनब्रीडिंगचं नुकसान धरायची, टिक लागलीय का तेवढं बघा. माझ्याकडे आलेल्या निदान तीन फायलींत ती नव्हतीच.

उपाय दोन आहेत. वंशावळ माहीत असेल, प्राणिसंग्रहालयातली किंवा वर्षानुवर्षं कॅमेरा आणि विष्ठेच्या डीएनएवर पाळत ठेवलेली पॉप्युलेशन असेल, तर सरळ स्टडबुक, म्हणजे वंशावळीची, फाइल वाचायला द्या. त्यात फक्त आज जिवंत असलेले टाकू नका, मेलेले आजी-आजोबाही हवेत, नाहीतर नातं लागणार कुठून. आई-बाप वरच्या ओळीत, पिल्लं खालच्या, असा क्रम ठेवा. एका पोरीने अशी फाइल पाठवली होती, सगळं व्यवस्थित, तरी इनब्रीडिंग शून्य, शेवटी दिसलं की तिने एक्सेलमध्ये नावाप्रमाणे सॉर्ट मारलं होतं आणि ते करताना आईचा कॉलम सिलेक्टच केला नव्हता, त्यामुळे सगळ्यांच्या आया बदलल्या होत्या. दोन दिवस गेले त्यात.

वंशावळ नसेल, आणि बहुतेक वेळा नसतेच, तर बर्न-इन करा. म्हणजे मॉडेलला आधी तो इतिहास जगू द्या. मला १०० वर्षांचा अंदाज हवा असेल तर मी १४० वर्षं चालवतो. पहिली चाळीस वर्षं कोंडलेली, सप्लिमेंट ४१ व्या वर्षापासून. पुढे अधिवास वाढणार असेल तर कॅरिंग कपॅसिटीच्या (जंगलात जास्तीत जास्त किती जनावरं मावतात त्या आकड्याच्या) खान्यात साध्या आकड्याऐवजी फंक्शन टाकता येतं, =३०+७०*(वाय>४०) असं, वाय म्हणजे वर्ष, म्हणून चाळीस वर्षं ३० आणि नंतर १००. (खान्यात लिहिताना वाय इंग्रजी कॅपिटल आणि आकडेही इंग्रजी, मी इथे देवनागरीत लिहिलंय म्हणून कॉपी-पेस्ट करू नका, एकाने केलं होतं.) 'काहीच नाही' वाल्या सिनॅरिओलाही तीच चाळीस वर्षं द्यायची, नाहीतर तुलना कशाशी करताय?

बर्न-इनची डोकेदुखी एकच, मॉडेल तेच सगळं शेकडो वेळा नव्याने चालवतं, त्यातली एकेक फेरी म्हणजे रन, आणि त्या चाळीस वर्षांतच काही रनमध्ये पॉप्युलेशन संपून जाते. खरी पॉप्युलेशन तर आज जिवंत आहे, त्यामुळे ते रन मोजायचे नाहीत. समजा १००० रनपैकी १२० चाळिशीच्या आतच गेले आणि १४० व्या वर्षापर्यंत एकूण ३४० गेले, तर नामशेष व्हायची शक्यता ३४ टक्के नाही. ४० व्या वर्षी जिवंत होते ८८०, त्यातले गेले २२०, म्हणजे २५ टक्के. हे व्हॉर्टेक्स तुमच्यासाठी करत नाही, वर्षवार टेबल काढून स्वतः करा. चाळिशीच्या आत अर्ध्याहून जास्त रन जात असतील तर मात्र तुमचे मृत्युदरच जास्त कडक आहेत, तिकडे बघा.

आता हे सगळं नीट केलं तरी ग्राफ हलत नसेल तर पुढचं कारण, आणि हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः कपाळावर हात मारला. व्हॉर्टेक्समध्ये एका वर्षात घटना ठरलेल्या क्रमाने घडतात. आधी प्रजनन, मग मृत्यू, मग वय एकाने वाढतं, मग डिस्पर्सल (एका पॉप्युलेशनमधून दुसरीत जाणं), हार्वेस्ट (प्राणी काढून घेणं), सप्लिमेंट, आणि त्याच्याही नंतर कॅरिंग कपॅसिटीची छाटणी. छाटणी वय, लिंग, मूळ गाव काही बघत नाही. पॉप्युलेशन आधीच २५ च्या मर्यादेला टेकलेली असेल आणि तुम्ही ५ माद्या सोडल्या, तर ३० झाले, पाच जास्त, आणि त्या पाचांत असण्याची शक्यता तुमच्या प्रत्येक नवीन मादीला सहात एक. म्हणजे हेलिकॉप्टरने आणलेल्या वाघिणीला त्याच संध्याकाळी मॉडेल मारून टाकतंय, एका पिल्लाला जन्म द्यायच्या आत, कारण पुढचं प्रजनन पुढच्या वर्षी आहे. खऱ्या जंगलात जागेची मारामारी असतेच, त्यामुळे हे पूर्ण खोटंही नाही, पण तुम्हाला हे घडतंय हे माहीत तरी हवं. कपॅसिटी खरोखर किती आहे ते परत तपासा, बऱ्याचदा लोक आजची संख्याच कपॅसिटी म्हणून टाकतात. फ्लोरिडात तसं टाकलं असतं तर तिप्पट वाढ कुठे मावली असती?

सोडलेल्या प्राण्यांचं वयही बघा. एक वर्षाची पिल्लं सोडली तर वयात येईपर्यंत दोन-तीन वर्षांचे मृत्युदर त्यांना सोसायचे आहेत, आणि वयात आलेल्या माद्यांतल्याही दरवर्षी किती जणी वितात तो टक्का आहेच. पाच सोडल्या म्हणजे पाच आया झाल्या असं होत नाही. आठातल्या पाच हा फ्लोरिडाचा हिशोब चांगला म्हणायचा.

तिसरी जागा म्हणजे नरांचा टक्का. प्रजननात भाग घेणारे नर १०० टक्के असं ठेवलेलं असतं कारण कुणी ते खानं उघडतच नाही. वाघ-बिबट्यात एका नराच्या हद्दीत दोन-तीन माद्यांच्या हद्दी येतात, बाकीचे नर कडेकडेने फिरत असतात. शंभर टक्के ठेवलं की एनई फुगतो, इनब्रीडिंग हळू चढतं, आणि परत तेच, आजारी नसलेला पेशंट.

कधी कधी फरक पडलेला असतो, पण तुम्ही चुकीच्या ग्राफकडे बघत असता. सरासरी संख्या हा सगळ्यात मठ्ठ आउटपुट आहे, वरून कपॅसिटीने दाबलेला. त्यातही 'एक्स्टंट' लिहिलेली सरासरी फक्त वाचलेल्या रनची असते, मेलेले त्यात धरलेलेच नाहीत, त्यामुळे नामशेष होणारा सिनॅरिओसुद्धा छान दिसतो, नापास पोरांना बाजूला बसवून वर्गाची सरासरी काढल्यासारखं. सगळ्या रनची सरासरी घ्या, नामशेष शक्यता घ्या, इनब्रीडिंगचा ग्राफ घ्या. आणि रन १०० वर ठेवून दोन टक्क्यांच्या फरकावर भांडू नका. शक्यता २० टक्के असेल तर १०० रनला स्टँडर्ड एरर ४ टक्के येतो, १००० ला सव्वा टक्का. जुन्या लॅपटॉपवर हजार रन चालायला वेळ लागतो, लागू द्या, जेवून या.

मध्येच एक सांगतो, कारण याच फायलींमध्ये ही चूक जोडीने येते. व्हॉर्टेक्सची जीन डायव्हर्सिटी आणि लॅबमधून आलेली हेटेरोझायगोसिटी (डीएनएवर प्रत्यक्ष मोजलेली विविधता) यांची थेट तुलना करू नका. व्हॉर्टेक्सचा आकडा सुरुवातीच्या जनावरांच्या तुलनेत किती शिल्लक आहे एवढंच सांगतो. लॅबने मायक्रोसॅटेलाइटवर (डीएनएमधल्या खुणांवर) आज ०.६५ दिलं असेल आणि मॉडेल म्हणत असेल शंभर वर्षांनी ०.८० राहील, तर विविधता वाढली असं नाही, ०.६५ गुणिले ०.८० म्हणजे ०.५२ उरली. बर्न-इन केलं असेल तर आधी ४० व्या वर्षाच्या आकड्याने भागा, मग गुणा.

उलटा प्रॉब्लेमही येतो, तो कमी लोक विचारतात कारण रिझल्ट आवडीचा असतो. सप्लिमेंट केलं आणि ग्राफ रॉकेटसारखा वर. सप्लिमेंटमधून आलेलं प्रत्येक जनावर व्हॉर्टेक्सच्या दृष्टीने कुणाचंच नातेवाईक नाही, ना इथल्यांचं, ना एकमेकांचं. दर पाच वर्षांनी दोन माद्या टाकल्या की दर वेळी चार कोरे अलील फुकट. प्रत्यक्षात त्या सगळ्या एकाच जंगलातून, कदाचित एकाच आईच्या असतात. यावर उपाय म्हणजे जिथून आणायच्या ते जंगल दुसरी पॉप्युलेशन म्हणून मांडा, तिलाही बर्न-इन द्या, आणि तिथून डिस्पर्सलने आणा, म्हणजे नाती आपोआप सांभाळली जातात आणि दिल्यामुळे देणाऱ्या जंगलाचं काय झालं तेही दिसतं. शिवाय फार लांबचं रक्त मिसळल्याने होणारं नुकसान मॉडेल आपणहून धरत नाही, त्यामुळे त्याच्या मते जेवढे आणाल तेवढं चांगलं.

सह्याद्रीबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये झालेला तो व्याघ्र प्रकल्प, २०२५ च्या शेवटी ताडोबातली वाघीण चांदोलीत आणून सोडली, तेव्हापासून पोरं-पोरी धडाधड मॉडेल करायला लागलीत. तिथे वरचा बर्न-इन जसाच्या तसा लावू नका. ती इनब्रीडिंगने खचलेली पॉप्युलेशन नाही, तिथे मुळात राहणारे वाघच नगण्य होते. प्रश्न आहे तो मोजक्या संस्थापकांचा. ज्या येतील त्या एकमेकींच्या कोण लागतात, नर कुठला, आणि दक्षिणेकडून, गोवा-कर्नाटकच्या जंगलांतून दहा-पंधरा वर्षांत एखादा तरी स्वतःच्या पायांनी येतो का. म्हणजे तिथे पहिल्या वर्षीच्या जनावरांत नातं नाही हे गृहीतक उलट्या बाजूने चावतं, सुरुवात फार गोड दिसते. संस्थापकांचं छोटं का होईना स्टडबुक करून द्या, विदर्भातल्या वाघांची बरीच माहिती फोटोंवरून मिळते, आणि आई कोण हे माहीत नसेल तिथे 'सगळ्या बहिणी' आणि 'सगळ्या परक्या' असे दोन सिनॅरिओ चालवून दोन्हींच्या मधलं अंतर दाखवा.

व्हॉर्टेक्स फुकट आहे, विंडोजवरच चालतं, मॅकवाल्यांनी मला विचारू नये. आणि मदत मागताना ग्राफचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवू नका, पूर्ण प्रोजेक्ट फाइल पाठवा, सिनॅरिओंना 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशी नावं न देता. परवाच एकाचं सगळं बरोबर होतं, बर्न-इन, टिक, टक्के, सगळं, तरी रेषा एकावर एक, तासभर डोकं फोडल्यावर दिसलं की त्याने ग्राफमध्ये 'फायनल' आणि 'फायनल २' निवडले होते आणि दोन्ही बिनसप्लिमेंटचे होते.